डोंगर घेऊ नका, वाट घ्या

पुण्या-मुंबईत चार पैसे गाठीला जमले की माणसाला डोंगर हवासा वाटायला लागतो. वाटू दे. पण उठून डोंगर विकत घ्यायला निघालात तर फसाल. डोंगर वनखात्याचा असतो, तो विकायला नसतो. (विकणारे भेटतात, पण ते वेगळं प्रकरण.) शहाणा माणूस पायथ्याची दोन एकर घेतो, तीही नेमकी जिथून वर जायची वाट सुटते तिथली. मागचा सगळा डोंगर मग आपोआप त्याचा होतो. खरेदीखत नाही, मुद्रांक शुल्क नाही, शेतसारा नाही. वणवा लागलाच तर विझवायला सरकार आहे.

हे ज्ञान मला परवाच्या चैत्री पौर्णिमेला मावळात, आईच्या माहेरगावी झालं. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर तिथल्या प्लॉटिंगची फेज टू जाहीर होईल. दीड तास उन्हात उभं राहून मिळवलेलं ज्ञान आहे, जपून वापरा.

सगळ्यात आधी शेतकरी व्हा. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते असं १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ म्हणतं. घाबरू नका. प्रत्येकाच्या आजोबांचा कुठेतरी एक सातबारा असतो, आणि त्यावर वारसनोंद लावून देणारा एक ओळखीचा माणूस असतो. हापूसची अकरा कलमं लावा, ठिबकची काळी नळी फिरवा, मातीत बरबटलेल्या हातांचा एक फोटो टाका. झालात शेतकरी.

मग कोणी वाटेचं विचारलं की सातबारा दाखवा. हवा तेवढ्या वेळा दाखवा. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, पीक असतं, बँकेचा बोजा असतो. वाट बहुधा शोधून सापडत नाही. ती असते भूमी अभिलेखच्या गावनकाशावर, आणि तो मात्र चुकूनही उलगडू नका. त्यावर तुटक रेषा असतात. पायवाट म्हणजे सव्वाआठ फूट, गाडीवाट असली तर साडेसोळा ते एकवीस फूट. हा सव्वाआठचा आकडा इंग्रजांनी उगाच काढलेला नाही. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचा हा चौथा हिस्सा. आणि ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा. ज्या साखळीने तुमचा गुंठा मोजला, तिनेच ती वाट मोजली आहे. गुंठा खरा मानायचा आणि वाट खोटी, हे जमायला सराव लागतो. लेआउट काढणाऱ्याला तो असतो. आमच्या वाटेवर त्याने ॲम्फीथिएटर काढलंय.

फाटक एकदम बसवू नका. आधी नुसती पाटी, 'खासगी रस्ता'. गावात पाट्या कोणी वाचत नाही, त्यामुळे भांडण होत नाही. पावसाळ्यात एक साखळी, 'गुरं आत येतात म्हणून'. आणि दिवाळीत गाव फराळात असताना फाटक. ते मराठमोळं असू द्या. दोन्ही अंगांना फायबरचे बुरूज, वर भगवा, नावाची सुरुवात 'शिव'ने. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने रायगड, राजगड, लोहगड धरून महाराष्ट्रातले अकरा किल्ले जागतिक वारशात घेतले, तेव्हापासून बुरुजांना भाव आहे. डोंगरावर न सोडणारं फाटक किल्ल्यासारखं दिसलं की अडवलेल्या माणसाचीही छाती फुगते.

आतल्या रस्त्यांना तोडलेल्या झाडांची नावं द्या. हिरडा लेन, अंजन लेन.

कुत्रा पाळा. मोठा.

आता लाखमोलाचं सांगतो. पहारेकरी बाहेरून आणू नका, गावातलाच ठेवा. परका पहारेकरी असला की गाव त्याच्याशी भांडतं. गावातलाच असला की गावाला त्याची दया येते आणि सगळे निमूट परत जातात. आमच्या फाटकावरचा पोरगा मामाच्या चुलत घरातला. मी सुट्टीत यायचो तेव्हा करवंदाच्या जाळ्या कुठे पिकल्यात ते हाच दाखवायचा. ह्या डोंगरावर शेळ्या राखतच तो वाढला. आता निळा शर्ट, खांद्यावर पट्टी, छातीवर इंग्रजीत नाव.

आई बहात्तरची. दर चैत्री पौर्णिमेला ती वर डोंगराच्या सोंडेवर वाघजाईची ओटी भरायला जाते. देऊळ कसलं, शेंदूर फासलेला तांदळा आणि वर चार पत्रे. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं खंड पडला होता. यंदा इंजेक्शन घेऊन, काठी घेऊन आली. हातात कापडी पिशवी, तीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, सुपारी.

"आत्या, कधी आलीस?" म्हणत पोरगा उठला, पाया पडला आणि वही पुढे केली.

नाव, गाव, गाडी नंबर. मग रकाना आला, 'कोणाला भेटायचे'. आई म्हणाली, "लिही, वाघजाई." त्याने लिहिलं. खरंच लिहिलं, निळ्या पेनने. पुढचा रकाना प्लॉट नंबरचा. तिथे त्याचा पेन थांबला.

तिथे नुसती वही भरून भागत नाही म्हणे. ज्याच्याकडे जायचं त्याने ॲपवर 'हो' म्हणावं लागतं. वाघजाई ॲपवर नाही. त्याने साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. साहेब म्हणाले, टेंपल व्हिजिटला आमचा ऑब्जेक्शन नाही, पण आज ओनर्सची गर्दी आहे, आधी मेल टाका, स्लॉट देऊ. ओटीला स्लॉट! माझी आई परकराची होती तेव्हापासून त्या वाटेने चढते आहे, तेव्हा हे साहेब जन्माला आले नव्हते, त्यांची कंपनी नव्हती, मावळात एक्स्प्रेस-वे नव्हता. वाघजाईला कौल लावायला माणसं यायची, पाऊस लांबला की अख्खं गाव वर जायचं, आणि आता कोणी एक माणूस थंड खोलीत बसून सांगतो की स्लॉट देऊ. माझा आवाज चढला. पोरगा खाली बघत म्हणाला, "दादा, माझ्यावर नका ओरडू." बरोबर होतं त्याचं. त्याने आईला प्लास्टिकची खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली. आणि आम्ही बसलो असताना आडवा बांबू दर पाच मिनिटांनी वर जात होता. पांढऱ्या गाड्या. एकीतून एक मुलगा उतरला, पाठीला पाण्याची नळीवाली पिशवी, आणि बापाला विचारत होता की सनराइज पॉइंटला आत्ता गेलं तर चालेल का. सनराइज पॉइंट म्हणजे आमची सोंड. दुपारचे बारा वाजले होते. आणि तो गेला! जिथे आईला जायला मेल लागतो, तिथे तो चप्पल घालून गेला.

आईने पोराला विचारलं, "तू तरी जातोस का रे वर, दिवा लावायला?"

"नाही आत्या. स्टाफला टाकीच्या पुढे जायचं नाही. कॅमेरा आहे."

असो. उरलेले सल्ले उरकतो.

कायद्याची भीती बाळगू नका, फक्त दिवस मोजा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. शेतात किंवा चराईच्या रानात जायची वहिवाटीची वाट कोणी अडवली तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. मात्र दावा अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत यायला हवा. तुम्ही फक्त सहा महिने गोड बोलत राहा. 'बसून मार्ग काढू' हे तीन शब्द पाठ करा. मी दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. कारकुनाने विचारलं, गेट कधी बसलं? दिवाळीत. मग बोटांवर महिने मोजत म्हणाला, तुम्ही तिथले खातेदार आहात का? नाही. वर कोणाचं शेत आहे का? नाही, देवी आहे. "देवीला जायचं म्हणजे शेती धरायची का?" असं त्याने मला विचारलं. टिंगल करत नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, पण ते बांधावरून स्वतःच्या शेतात जाणाऱ्यासाठी. ओटी घेऊन निघालेल्या म्हातारीच्या नावाचं कलम काही त्याच्या टेबलावर नव्हतं.

शिडीपासून सावध राहा. हे अमेरिकेतलं आहे, पण ऐका. तिकडे वायोमिंगमध्ये रेल्वेला दिलेल्या जमिनींमुळे नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झालाय, एक घर सरकारी, एक खासगी. सरकारी घरं एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकतात. आपल्याकडे शिकारीला १९७२ पासून बंदी आहे, तिकडे परवाना काढून सरकारी रानात ती करता येते. पण रानात शिरायचं कुठून? २०२१ साली मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी कोपऱ्यावर चक्क शिडी उभी केली आणि ह्या सरकारी घरातून त्या सरकारी घरात उतरले. खासगी जमिनीला पाय लागला नाही. जमीनमालक कोर्टात गेला, की माझ्या कोपऱ्यावरची हवा माझी आहे आणि माझं लाखो डॉलरचं नुकसान झालंय. फौजदारीत ज्युरीने शिकाऱ्यांना सोडलं. दिवाणी दावा वरच्या कोर्टात गेला आणि मार्च २०२५ मध्ये तिथेही मालक हरला. ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने त्याचं अपील ऐकायलाच नकार दिला. निकालाच्या मुळाशी कायदा कुठला, तर १८८५ चा, गुरं राखणाऱ्यांच्या भांडणातून आलेला. स्वतःच्या जमिनीत कुंपण घालून सरकारी जमीन कोंडायची नाही. तेव्हा तुम्ही आपली भिंत शिडीपेक्षा उंच बांधा.

आणि काही सुचलं नाही तर कचऱ्याचं कारण सांगा. 'ट्रेकर लोक प्लास्टिक टाकतात, आम्ही निसर्ग जपतो.' ह्याला उत्तर नाही, कारण ट्रेकर लोक प्लास्टिक टाकतातच. गेल्या खेपेला वाघजाईच्या मागे चिप्सच्या पाकिटांचा ढीग मीच उचलला होता. रात्री दोनला स्पीकर लावून सोंडेवर केक कापणाऱ्या बहाद्दरांनो, त्या फाटकाची अर्धी वर्गणी तुम्ही भरली आहे.

पण म्हणून बहात्तर वर्षांच्या बाईला दारात बसवायचं?

नाही जमत मला हा उपरोध. प्लॉटवाल्यांनो, तुम्ही शिकलेली माणसं आहात. सोसायटीत शेजाऱ्याची गाडी सहा इंच इकडे आली तर तुम्ही ग्रुपवर नियम टाकता. जाहिरातीत 'रिझर्व्ह फॉरेस्ट टच' वाचून गुंठ्याला चार पैसे जास्त मोजलेत ना? ते फॉरेस्ट कोणाचं आहे हे विचारलंत का? गावाचं जेवढं, तेवढंच तुमचं. फाटकाच्या कडेने सव्वाआठ फूट सोडायला काय जातं तुमचं? एक गाडी उभी राहते तेवढी जागा! त्या जागेत तुम्ही कारंजं बसवलंय आणि ते बंद आहे. लाज वाटायला पाहिजे. आणि सरपंच, उद्घाटनाला फेटा बांधून बुरुजाखाली उभे होतात, फोटो आहे माझ्याकडे. तुम्हाला गावनकाशा वाचता येत नाही असं नाही. तुमच्याच कपाटात आहे तो.

मामा, तुझ्यावरही बोलणार आहे, राग येऊ दे. "मी जमीन विकली, वाट विकली नव्हती" असं तू त्या संध्याकाळी ओटीवर बसून म्हणालास. मग हे खरेदीखताच्या वेळी का नाही म्हणालास? आईचीही सही आहे त्यावर, बहीण म्हणून. तिनेही विचारलं नाही, मीच तिला गाडीतून सहीला आणलं होतं आणि मीही विचारलं नाही. ते झालं. पण वरच्या अंगाला तुझं पाऊण एकर वरकस अजून आहे, म्हणजे तू अजून खातेदार आहेस, आणि तुझी गुरं त्याच वाटेने जायची. कारकुनाला जे हवंय ते गावात आज तुझ्याकडे आहे. दाव्याचा मसुदा करून तुझ्या व्हॉट्सॲपवर टाकलाय. गुरुवारपासून दोन निळ्या खुणा दिसतायत. मुदतीचे तीन आठवडे राहिलेत. बाळूचा टँकर त्या प्रोजेक्टवर पाणी टाकतो, तो बंद होईल म्हणून तू गप्प आहेस, मला कळतं. टँकरचे हप्ते मी बघतो. तू सही कर.