मुक्त बाजार, पण २५ किलोमीटर सोडून

सांगलीत राहून विचारवंत व्हायचं असेल तर सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे मुक्त बाजाराच्या बाजूनं बोलायला लागणं. भांडवल लागत नाही, जागा लागत नाही. गणपती मंदिरासमोर बोललात तरी चालतं, विश्रामबागेत भडंगाची पुडी हातात घेऊन बोललात तर जास्तच चालतं. पथ्य एकच: मुक्त बाजार कायम दुसऱ्याच्या धंद्यात असावा. आपल्या धंद्याचं तसं नसतं. आपला धंदा संवेदनशील असतो, त्यावर हजारो कुटुंबांची चूल पेटते, त्याला शिस्त लागते, दिशा लागते. दुसऱ्याच्या धंद्याला स्पर्धा लागते.

सुरुवात आकाशापासून करा, कारण तिथं आपल्यापैकी कुणाचंच दुकान नाही. केंद्रानं २०२० साली अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं, परवानगीसाठी इन-स्पेस नावाची एक खिडकी काढली, २०२३ला धोरण जाहीर केलं आणि २०२४ला परदेशी भांडवलाची गाठ सैल केली. उपग्रह बनवायला ७४ टक्क्यांपर्यंत, रॉकेट बनवायला ४९ टक्क्यांपर्यंत आणि सुटे भाग करायला चक्क १०० टक्के परकी पैसा आता सरकारची आधी मंजुरी न घेता आणता येतो. हे आकडे तोंडपाठ करा. मग आवाज थोडा खाली आणून १८ नोव्हेंबर २०२२चा दाखला द्या: स्कायरूट या हैदराबादच्या कंपनीचं विक्रम-एस श्रीहरिकोट्याहून उडालं, देशातलं पहिलं खासगी रॉकेट, ८९.५ किलोमीटर उंच गेलं. "बघा, दार उघडलं की पोरं काय करून दाखवतात!" एवढं म्हणून चहाचा घोट घ्या.

घोट घेताना फक्त समोर साखर कारखान्याचे कुणी संचालक बसलेले नाहीत ना, हे पाहून घ्या. कारण आपल्या राज्यात दोन साखर कारखान्यांमध्ये २५ किलोमीटरचं हवाई अंतर ठेवावं लागतं. केंद्राचा नियम १५ किलोमीटरचा; आपल्याला तो कमी वाटला म्हणून आपण २५ केला. म्हणजे खासगी रॉकेट उभं साडेतीन कारखाने वर जाऊ शकतं, पण खासगी माणूस एका कारखान्यापासून आडवं २४ किलोमीटर जाऊन दुसरा काढू शकत नाही. बरं, हे अंतर रस्त्यानं मोजत नाहीत, सरळ रेषेत मोजतात. ऊस मात्र ट्रॅक्टरनं, खड्ड्यातनं आणि दोन ट्रॉल्या जोडून जातो.

यामागचं कारण कुणी विचारलंच तर सांगा, की कारखाने जवळजवळ आले तर उसाची पळवापळवी होते. पळवापळवी हा शब्द जपून ठेवा, फार कामाचा आहे. एका मालाला दोन गिऱ्हाइकं लागली की बाकी जगात त्याला मागणी म्हणतात. उसाच्या बाबतीत त्याला पळवापळवी म्हणायचं. दुसरं गिऱ्हाईक आलं की भाव चढतो, हे मंडईत कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या मावशीलासुद्धा कळतं. म्हणून तर तिला कुठल्या संचालक मंडळावर घेत नाहीत.

आणि २०२३च्या सप्टेंबरची आठवण कुणी काढली तर विषय बदला. त्या महिन्यात ऊस राज्याबाहेर न्यायला बंदी घालणारा आदेश निघाला होता. शेतकरी संघटना उठल्या आणि काही दिवसांतच तो मागं गेला. त्याच्या महिनाभर आधी, २३ ऑगस्टला, आपण चंद्रावर उतरलो होतो. चंद्रावर जायला हरकत नव्हती. म्हैसाळ ओलांडून कर्नाटकातल्या कागवाडच्या बाजूला जायला होती.

आता माध्यमांकडे वळू. इथं आदर्श म्हणून आमच्या गल्लीतले केबलवाले आण्णा डोळ्यासमोर ठेवा. १९९२ साली आण्णांनी वेल्डिंगवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या जाळीची बारा फुटी छत्री बनवून घेतली आणि गच्चीवर चढवली. तारा नेल्या त्या विजेच्या खांबांवरून, लिंबाच्या फांदीवरून, एका ठिकाणी तर शेजाऱ्याच्या संडासाच्या पत्र्यावरून. कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं कुणाला हेच कुणाला ठाऊक नव्हतं. केबलचा कायदा व्हायला १९९५ उजाडलं, आणि तेव्हाही नोंदणी करायची ती हेड पोस्टात. तोवर आण्णांनी तीन गल्ल्यांना परदेशी वाहिन्या दाखवल्या, रात्री नऊला व्हिडिओवरचा सिनेमा दाखवला आणि मध्ये पट्टीवर 'लक्ष्मीपूजनानिमित्त साड्यांवर सूट' अशी जाहिरातसुद्धा केली. दूरदर्शनची मक्तेदारी मोडली ती असल्या आण्णांनी, दिल्लीतल्या अर्थशास्त्रज्ञांनी नव्हे.

ती छत्री अजून गच्चीवर आहे. परवा गेलो तर तिच्या जाळीवर दोडक्याचा वेल चढला होता, आणि मधल्या दांड्याच्या टोकाला, जिथं पूर्वी आकाशातला सिग्नल गोळा व्हायचा, तिथं गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. आण्णा खाली खुर्चीवर बसून निवेदन लिहीत होते. मोबाईलवर फुकटात सिनेमे आणि मालिका दाखवणाऱ्यांना परवाना लावा, त्यांचे दर ठरवा, त्यांना शिस्त लावा अशी मागणी होती.

"आण्णा, तुम्ही कुठं परवाना काढला होता?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आम्ही जनतेची सेवा करत होतो."

"आणि हे?"

"हे धंदा करतात."

हा संवाद पाठ करा. यात मुक्त बाजाराचं अख्खं व्याकरण आलं. वाटलं तर त्यात १९९५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घाला, हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सांगणारा. जनतेची म्हणजे सरकारची नव्हे, असाही त्याचा सूर होता. तो भाग सांगायची गरज नाही.

खासगी एफएमबद्दल बोलायची वेळ आली तर पुराचं उदाहरण घ्या. एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, बस्स. वाहतूक, हवामान, नैसर्गिक आपत्तीच्या सूचना हे मात्र बातमी धरत नाहीत, म्हणून चालतं. त्यामुळं कृष्णेला पूर आला की निवेदकानं आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे हे खुशाल सांगावं. पाणी वाढलं ही सूचना झाली; ते का वाढलं आणि कुणी कधी सोडलं, ही बातमी. पोटमाळ्यावर बसून रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला हा भेद चटकन समजतो, समजला नाही तर पाणी ओसरल्यावर समजावून सांगावा.

नाटकाच्या गावात राहून तुम्ही विष्णुदास भाव्यांचं नाव घेणारच. १८४३ साली इथल्या दरबारात सीतास्वयंवर झालं, हे सांगा, दर ५ नोव्हेंबरला सांगतातच. पण १८५१ला संस्थानिक वारले, आश्रय तुटला, आणि मग भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, तिकीट लावून मुंबईत खेळ केले, हे फार रंगवू नका. मराठी नाटक अनुदानात जन्मलं हे ऐकायला बरं वाटतं. ते जगलं तिकिटावर, हे ऐकलं की नाट्यगृहाचं भाडं कमी करा म्हणून आलेल्या शिष्टमंडळाची पंचाईत होते. शिवाय मग कुणीतरी विचारतो की संहिता आधी सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून आणायची पद्धत अजून कशाला, आणि चर्चा लांबते.

उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटचा धडा मात्र नीट गिरवा. प्रश्न असा होता, की त्यासाठीच्या लहरी लिलावानं द्यायच्या की सरकारनं दर ठरवून वाटायच्या. जिओनं लिलावाची बाजू लावून धरली: आम्ही लिलावात बोली लावून लहरी घेतल्या, हे आकाशातून आयते येणार, मग समान संधी कुठं राहिली? स्टारलिंकच्या मस्कसाहेबांना लिलाव नको होता. आता लिलाव म्हटलं की आपण बाजारवाले लगेच मान हलवतो. २०१२ साली न्यायालयानं लिलावाविना वाटलेले टूजी मोबाईलचे १२२ परवाने रद्द केले तेव्हापासून लिलाव हा शब्द सोवळ्यातला झालाय. पण हळदीच्या सौद्यात उभे राहिलेले असाल तर जरा थांबाल. यार्डात ज्याची बोली चढी, पोती त्याची. त्यातली हळकुंडं दुसरा नेऊ शकत नाही. मोबाईलच्या लहरींचं तसंच असतं. उपग्रहाच्या लहरींचं नसतं, वेगवेगळ्या दिशेचे उपग्रह त्याच लहरी एकाच वेळी वापरू शकतात. म्हणजे एकच पोतं दहा जण नेणार आणि तरी ते जागेवरच राहणार. मग सौदा कशाचा करायचा? कुंपणाचा.

असले प्रश्न तुम्ही विचारू नका, फक्त पुढं काय झालं त्यातून शिका. २०२३च्या दूरसंचार कायद्यानं या लहरी लिलावाबाहेर ठेवल्या, २०२४च्या ऑक्टोबरात मंत्र्यांनी तेच पुन्हा सांगितलं, आणि २०२५च्या मार्चमध्ये एअरटेल आणि जिओ या दोघांनी लागोपाठच्या दोन दिवसांत स्टारलिंक विकायचे करार जाहीर केले. आधी मोर्चा, मग डीलरशिप. आपल्याकडं ट्रॅक्टरच्या शोरूमपासून खताच्या दुकानापर्यंत सगळ्यांना हे येतं. तिकडं त्याला स्ट्रॅटेजी म्हणत असावेत.

अमेरिकेचं उदाहरण द्यायचंच असेल तर जपून द्या. मस्कसाहेबांचीच रॉकेट कंपनी स्पेसएक्स म्हणजे बाजाराची कमाल, असं म्हणून थांबलात तर उत्तम. खोलात गेलात तर कळतं की तिचं मोठं गिऱ्हाईक सरकारच. नासानं २००६ साली अवकाश स्थानकावर माल पोचवायचं काम खासगी कंपन्यांकडून करून घ्यायचं ठरवलं, आणि २००८च्या डिसेंबरात या कंपनीला १२ फेऱ्यांचं १.६ अब्ज डॉलरचं काम दिलं. त्याआधी तिची पहिली तीन रॉकेटं कक्षेत पोचली नव्हती, चौथं नुकतंच पोचलं होतं. बदल कुठं झाला? काम उक्तं दिलं. पूर्वी रोजंदारीवर होतं: जेवढा खर्च होईल तेवढा सरकार देणार, वर ठरलेला नफा. माझ्या मेहुण्यानं घर असंच रोजंदारीवर बांधायला दिलं होतं. गवंड्यानं दोन दिवाळ्या तिथंच केल्या, जाताना पाडव्याची ओवाळणी घेऊन गेला. उक्त्यात तोटा झाला तर कंत्राटदाराचा. बोइंगनं माणसं नेणारं स्टारलायनर यान उक्तं घेतलं आणि दीड अब्ज डॉलरपेक्षा जास्त खड्ड्यात गेली. म्हणून तुम्ही कंत्राटदार असाल तर भाषण उक्त्याच्या बाजूनं करा आणि काम हजेरीवर घ्या.

आकाशाची मालकी कुणाची, असं कुणी विचारलं तर बांधाची उपमा वापरा. १९७६ साली विषुववृत्तावरच्या आठ देशांनी बोगोटात बसून जाहीर केलं, की आमच्या डोक्यावर ३५,७८६ किलोमीटरवर जी उपग्रहांची कक्षा आहे ती आमच्या हद्दीतली. सातबाऱ्यावर नोंद काही झाली नाही. १९६७च्या करारानं अवकाश कुणाच्याच नावावर करता येत नाही, म्हणजे ते गायरान. आणि गायरानात काय होतं ते आपल्याला शिकवायला नको: २००९च्या फेब्रुवारीत एक चालता अमेरिकी उपग्रह आणि एक भाकड रशियन उपग्रह एकमेकांवर आपटले, तुकडे सगळ्यांच्या वाट्याला. तिथं मालकी ठरवून द्यावी का, यावर मला खरंच बोलायचं होतं, पण गायरानाचा विषय काढला की गावात निवडणूक जवळ आली असा समज होतो.

राहता राहिला माझा पुतण्या. त्याचं कुपवाडच्या एमआयडीसीत वर्कशॉप आहे: दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक जुनी कॉफीची किटली. ट्रॅक्टरचे पार्ट करतो. गेल्या महिन्यात त्यानं व्हॉल्व्हची एक बॉडी माझ्या हातावर ठेवली. मुठीएवढी, आतून आरशासारखी घासलेली. म्हणाला, "काका, रॉकेटवाल्यांना नमुना पाठवतोय. घेतील का?"

मी ती बोटानं चाचपली, वजन बघितलं आणि म्हटलं, "लेका, ते राहू दे. आधी संघटना काढ."

निवेदन मी स्वतः लिहून दिलं. अवकाश उद्योगातली पळवापळवी टाळण्यासाठी कुपवाडपासून २५ किलोमीटर हवाई अंतरात दुसऱ्या कुणालाही रॉकेटचे सुटे भाग करायची परवानगी देऊ नये. जयसिंगपूरची मंडळी नाराज होतील, त्यांना सभासद करून घेऊ. पुतण्याला पहिली ऑर्डर अजून आलेली नाही, पण लेटरहेड छापून आलंय आणि उपाध्यक्षपद आण्णांनी स्वीकारलंय.