आत्याचा फॉरवर्ड आणि नातीचे कान

पहाटे साडेपाचला आमच्या आत्याने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. रबरी टिपांचे, कानात घट्ट बसणारे इअरफोन वापरू नका. का, तर पडद्याला भोक पडतं, आवाज आत कोंडून बहिरेपण येतं, तासाभरात जंतू ७०० पटींनी वाढतात आणि ब्लूटूथने मेंदू भाजतो. कानाबाहेर सैल राहणारे साधे इअरफोनच सुरक्षित. खाली हात जोडलेले, 'पुढे पाठवा'.

मी दुर्लक्ष केलं असतं. पण तिची नात रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जाते. तिने आजीचं ऐकून घट्ट इअरफोन कपाटात टाकले आणि जुने कडक प्लास्टिकचे काढले. आठवड्याने गाडीत मी तिच्या फोनवर पाहिलं, तर आवाजाची पट्टी पार टोकाला!

म्हणजे 'आवाज कोंडतो' या मुद्द्याने नेमकं उलटं करून ठेवलं. आवाज काही प्रेशर कुकरमधली वाफ नाही, साठून राहायला. कानाला इजा होते ती आवाज किती मोठा आणि किती वेळ, यावर. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सरळ आहे: मोठ्या माणसांना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, ९० डेसिबलला फक्त ४. साधारण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. आता सैल इअरफोन घालून लोकलमध्ये बसा. चाकांचा खडखडाट, पंखे, शेजारचं भांडण सगळं आत येतं. त्यावर गाणं ऐकू यायचं तर आवाज चढवावाच लागतो. टिप नीट बसली की बाहेरचा गोंगाट बाहेरच राहतो आणि हळू आवाजातही तबला स्पष्ट लागतो. अर्थात घट्ट घालूनही पट्टी टोकाला नेणारे महाभाग आहेत, त्यांना कोण काय करणार.

पडद्याचं म्हणाल तर मोठ्या माणसाची कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर, पडदा तिच्या शेवटाला. नेहमीची टिप तोंडाशीच बसते. काढताना हिसका मारू नका, हलकेच फिरवून काढा, एवढंच.

जंतूंचा ७०० हा आकडा आला कुठून, ते मेसेजमध्ये नाहीच. टिपा पुसाव्यात, दुसऱ्याच्या वापरू नयेत. एक कबूल करतो, मळ आत ढकलला जाऊ शकतो आणि कान वाहत असेल तर इअरफोन नकोच. पण हे सांगणारी आत्या स्वतः कानात हेअरपिन घालते!

ब्लूटूथ? हेडफोनची ताकद मोबाईलच्या मानाने अगदी किरकोळ, साधारण काही मिलिवॅट. मेंदू भाजायला ती पुरत नाही. तरी धास्ती वाटत असेल तर वायरवाले घ्या.

मेसेजमध्ये नसलेला खरा धोका वेगळाच. घट्ट इअरफोन लावून रूळ किंवा रस्ता ओलांडू नका, भोंगा ऐकू येत नाही. तिथे आत्याच्या काळजीला माझा पूर्ण पाठिंबा.

नातीने घट्ट इअरफोन कपाटातून पुन्हा काढले. त्यांच्या खोक्यात तीन मापांच्या टिपा होत्या. ती मधल्या वापरायची, त्या डाव्या कानात ढिल्या होत होत्या. डावीकडे मोठी, उजवीकडे मधली लावून दिली. ठाण्यापर्यंत पट्टी निम्म्याच्या खाली आली होती.