कमरेतल्या इंजेक्शननं हार्ट बंद पडतं म्हणे!

सोमवारी आत्याचं हर्नियाचं ऑपरेशन. काल कसबा बावड्यात तिच्याकडं गेलो तर कळलं, बाईनं दोन दिवस मेटोप्रोलॉल, म्हणजे तिची रोजची बीपीची गोळीच घेतलेली नाही. का, तर भिशीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलाय: ऑपरेशनआधी भुलीचं इंजेक्शन कमरेत दिलं की हार्ट अटॅक येतो, डॉक्टर लपवतात, पूर्ण भूलच मागा, बीपीची गोळी आधीच बंद करा, शिवाय कंबर कायमची जाते. डोकंच सणकलं माझं.

आधी गोळीचं बोलू, कारण जीव तिथं जाईल. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल रोज घेणाऱ्यानं अचानक सोडली की नाडी उसळते, बीपी चढतं, छातीत दुखायला लागतं, कधी खरोखरचा अटॅक येतो. म्हणजे ज्याची भीती घातली तेच घरात बसून ओढवून घ्यायचं! या गोळीनं नाडी हळू चालते आणि स्पायनलमध्ये, म्हणजे या कमरेतल्या भुलीत, अजून उतरू शकते हे खरंय, पण म्हणूनच तर भूलवाल्या डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं असतं. टेल्मिसार्टनसारखी बीपीची दुसरी गोळी ऑपरेशनच्या सकाळी नको म्हणतात बरेच डॉक्टर, पण ते त्यांनी ठरवायचं, भिशीनं नव्हे.

आता अटॅक. स्पायनलनं खालच्या अंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायात साठतं, हृदयाकडं कमी येतं, बीपी उतरतं. भूल छातीपर्यंत चढली तर हृदयाला वेग देणाऱ्या नसाही बधिर होतात, नाडी मंदावते, आणि क्वचित हृदय थांबतंही, नाही म्हणत नाही. पण अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबणं, हे वेगळं. म्हणून तर मॉनिटर लावतात, सलाईन आणि नाडी-बीपी वर आणणारी ॲट्रोपिन, इफेड्रिन ही औषधं हाताशी ठेवतात. आणि गंमत बघा, यात मुळातच पन्नासची नाडी असलेल्या तालमीतल्या तरण्या पैलवानावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

लपवतात म्हणे! फ्रान्समधल्या भूलतज्ज्ञांनी १९९७ सालीच छापलंय: ४०,६४० स्पायनलमध्ये २६ जणांचं हृदय थांबलं, म्हणजे दहा हजारांत सहा-सात, आणि त्यातले बहुतेक वाचले.

पूर्ण भुलीत पण बीपी पडतंच. हां, महाधमनीची झडप फार अरुंद असेल तर स्पायनल शक्यतो टाळतात, त्यात तथ्य आहे, पण ते टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसतं. कंबरेचं तर सोडाच, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली सुई घालतात.

आत्याच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, ते पण चिडले. आत्या म्हणते, "आरं पण खाली डॉक्टरचा फोटो होता की."