धंदा बुडाला म्हणून साहेबाला आत टाकायचं का?

काल रात्री आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर परत तोच विषय निघाला. (कंपनीचं नाव घेत नाही, पुण्यातलीच एक स्टार्टअप, निम्म्या लोकांना एका झूम कॉलवर घरी पाठवलेलं, त्यात मीपण होतो.) फाउंडर साहेबांनी आता नवीन कंपनी काढलीये, लिंक्डइनवर अपयशातून काय शिकलो ते सांगत फिरतायत, तर एकाने लिहिलं की असल्या लोकांवर धंदा बुडवल्याची केसच टाकायला पाहिजे, सरळ आत. धडाधड अंगठे पडले. मीपण टाकणार होतो, मग मामा आठवला.

मामाचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप होतं, गाड्यांच्या पार्टचं जॉबवर्क. २०१८ ला लोन काढून नवीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं, धातूचे पार्ट कापायचं) मशीन घेतलं आणि २०१९ ला गाड्यांचा खप बसला, ऑर्डरी बंद. निर्णय चुकला का? आता म्हणायला काय जातंय, तेव्हा आजूबाजूचे सगळेच मशिनी घेत होते. मशीन गेलं, निगडीचा फ्लॅट तारण होता तो विकावा लागला. उद्या धंदा बुडणं हाच गुन्हा ठरवला तर पहिला आत कोण जाईल? मामाच ना, मोठ्या साहेबाकडे वकिलांची फौज असते.

आणि आपण दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतोय. सत्यम आठवतंय, हैदराबादची आयटी कंपनी? ७ जानेवारी २००९, तिचे संस्थापक रामलिंग राजूंनी स्वतःच पत्र लिहून सांगितलं की खात्यात दाखवलेले पाच हजार कोटींच्या वरचे पैसे मुळात नाहीतच. हे काय धंद्यातलं नुकसान नाहीये, ही वर्षानुवर्षं केलेली लबाडी. २०१५ ला कोर्टाने सात वर्षांची शिक्षा आणि पाच कोटी दंड सुनावला. म्हणजे फसवणुकीला कायदा आहे, कंपनी कायद्याचं कलम ४४७, दहा वर्षांपर्यंत कैद. तिथे नवीन कायदा नको, आहे तो वेळेत चालवा एवढंच.

आता दुसरी केस घ्या, नोकिया. आपल्या प्रत्येकाच्या घरी ११०० होता, टॉर्चवाला. २०१० ला स्टीफन इलॉप मायक्रोसॉफ्टमधून येऊन सीईओ झाले, २०११ ला कंपनीला समुद्रातल्या जळत्या प्लॅटफॉर्मची उपमा देणारा तो फेमस मेमो लिहिला, सिंबियन ही फोनची जुनी सिस्टीम सोडून विंडोज फोन धरला, अँड्रॉइडकडे तेव्हा गेले नाहीत, आणि २०१३ ला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टलाच विकायचं ठरलं, ५.४४ अब्ज युरोंना. इलॉप परत मायक्रोसॉफ्टमध्ये, आणि जाताना जवळपास २.४ कोटी युरो घेऊन, कारण करारातच तसं लिहिलेलं. फिनलंडमध्ये बोंबाबोंब झाली, पण कायद्याने काय करणार? खोटा हिशोब नाही, चोरी नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या खरेदीपोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले आणि ७,८०० लोकांच्या नोकऱ्या घालवल्या. विंडोज फोन धरणं चूक होती हे आज शेंबडं पोर सांगेल, २०११ मध्ये किती जणांना कळत होतं?

म्हणूनच अमेरिकेतली कोर्टं साधारणपणे निर्णय चुकला की बरोबर ठरला हे बघत नाहीत, तो नीट माहिती घेऊन, प्रामाणिकपणे घेतला होता का ते बघतात. १९८५ ची डेलावेअर या अमेरिकी राज्यातली एक केस आहे, ट्रान्स युनियन, रेल्वेचे डबे भाड्याने देणारी कंपनी. साहेबाचं वीस मिनिटांचं तोंडी भाषण ऐकून, कागद न बघता, बोर्डाने दोन तासांत कंपनी विकायला मंजुरी दिली. कोर्टाने डायरेक्टरांना जबाबदार धरलं, तुम्ही डोकंच चालवलं नाहीत म्हणून. मला हे पटतं. (पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने कायदा बदलून डायरेक्टरांना पळवाट करून दिली ते सोडा.)

आपल्याकडेही कंपनी कायद्यात कलम १६६ आहे, डायरेक्टरने काळजीने, स्वतःचं डोकं वापरून काम करायला पाहिजे. मोडलं तर दंड किती माहितीये? एक ते पाच लाख. अरे साहेबांच्या गाडीचे टायर तेवढ्याचे येतात!

मला खरा राग येतो तो इथे. मामाने स्वतःचे पैसे लावले, बुडाले तर घर गेलं. साहेब दुसऱ्याचे पैसे लावतो, चाललं तर बोनस त्याचा, बुडालं तर नोकऱ्या आमच्या आणि निरोपाचं पाकीटही परत त्याचंच. जेल नको मला, ते पाकीट पाहिजे. पगार घे बाबा, पण बोनस आणि शेअर चार-पाच वर्षं लॉकमध्ये ठेव, तोवर कंपनी आपटली तर ते परत. आत्ताचं कलम १९९ पैसे परत घ्यायला लावतं, पण फसवणूक झाली किंवा कायदा मोडला म्हणून हिशोब नव्याने मांडावा लागला तरच. अमेरिकेतला २०२२ चा पैसे परत घेण्याचा नियमही हिशोबाच्या चुकीवरच अडलेला. नुसता माजोरडेपणाने धंदा घालवला तर दोन्हीकडे साहेब मोकळा.

कोणी म्हणेल असं केलं तर चांगली माणसं येणारच नाहीत. येतील हो, भोसरीत घर तारण ठेवून रोज येतायत.

ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं नाही. फक्त म्हटलं, केस टाकायचीच हौस असेल तर आधी पीएफचं पासबुक काढा, पगारातून कापलेला पीएफ भरलाच नसेल तर तो सरळ विश्वासघाताचा गुन्हा आहे, त्याला नवीन कायदा लागत नाही. सकाळपासून अकरा जणांनी स्क्रीनशॉट टाकलेत. नऊ जणांचे शेवटचे तीन महिने कोरे आहेत.