‘आधी इनटेक, मग बूस्ट, बाकी नंतर’: टर्बो गाडीच्या अपग्रेडचा हा क्रम कुठे चुकतो

टर्बो पेट्रोल गाडीची ताकद वाढवायचा एक ठरलेला क्रम सगळीकडे सांगितला जातो. आधी उघडा कोन फिल्टर, मग ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, मग कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा ‘कॅट’) काढलेला डाउनपाइप, म्हणजे टर्बोनंतरची एक्झॉस्टची नळी, मग सेन्सरवर छोटा बॉक्स लावून बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) वाढवायचा, आणि तरी मन भरलं नाही तर मोठा टर्बो. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारा), प्लग, क्लच, ब्रेक सगळं ‘नंतर बघू’ या खात्यात. क्रम लगेच पटतो, कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू डोळ्यांना दिसते किंवा कानांना ऐकू येते. पण पुढचा भाग कोणता घ्यायचा हे तुमचं इंजिन नेमकं कुठे अडतंय त्यावर ठरतं, आणि ते गाडीच्या ओबीडी पोर्टला (तपासणीच्या सॉकेटला) स्कॅनर लावून घेतलेल्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, आणि काही साध्या चाचण्यांतच दिसतं.

‘पहिला खर्च इनटेकवर करा’

मूळ एअरबॉक्स बाहेरची थंड हवा ओढतो आणि बहुतेक गाड्यांत तो मूळ ताकदीला पुरून उरतो. त्याच्या जागी बॉनेटखाली उघडा कोन बसवला की टर्बो आणि रेडिएटरजवळची तापलेली हवा आत जाते. एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत आणखी एक घोळ होतो. सेन्सरची नळी जाड झाली की तितक्याच हवेचा वेग कमी होतो, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हवा कमी मोजतो आणि पेट्रोलही कमी सोडतो. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये कायम करत असलेली दुरुस्ती, १० टक्क्यांच्या पुढे गेला तर समजा मोजमाप बिघडलंय. इनटेक खरंच अडवतोय का, हे पाहायला टर्बोच्या आधीच्या नळीत प्रेशर गेज जोडा आणि फुल थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर) दाब किती पडतो ते बघा. २०-३० मिलिबारच्या आत असेल तर नवा कागदी फिल्टर घाला आणि पैसे दुसरीकडे वापरा.

‘ब्लो-ऑफ व्हॉल्व्हने ताकद वाढते’

वाढत नाही. थ्रॉटल सोडल्यावर अडकलेली हवा सोडणं एवढंच त्याचं काम. एमएएफच्या गाडीत ती हवा आधीच मोजलेली असते. ती बाहेर सोडली तर गिअर बदलताना मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त पडतं) आणि गाडी अडखळते. मूळ व्हॉल्व्हचा पडदा फाटला असेल किंवा वाढलेल्या बूस्टला गळत असेल, तरच तो बदला आणि हवा परत इनटेकमध्येच सोडणारा घ्या.

‘कॅट काढलेला डाउनपाइप लावलाच पाहिजे’

यात निम्मं तथ्य आहे. टर्बाइननंतरचा दाब जितका कमी तितका टर्बो लवकर फिरतो, त्यामुळे ‘बॅकप्रेशर लागतंच’ हे टर्बोच्या बाबतीत खोटं. पण त्यासाठी कॅट काढावा लागत नाही. २०० सेलचा, म्हणजे कमी दाट जाळीचा, चांगला हाय-फ्लो कॅट बहुतेक फायदा देतो आणि धूर, वास यांची कटकट बरीच कमी होते.

अडचण वेगळ्या जागी येते. वाट मोकळी झाल्यावर टर्बोतल्या छोट्या वेस्टगेटमधून (जास्तीचा एक्झॉस्ट वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) पुरेसा वायू बाहेर वळवला जात नाही. मग आरपीएमबरोबर बूस्ट मागणीच्या वर सरकत जातो. याला बूस्ट क्रीप म्हणतात. डाउनपाइपनंतर तिसऱ्या गिअरमध्ये मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष बूस्ट दोन्ही लॉग करा, अर्थात बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर). वरच्या आरपीएमला दोन रेषा एकमेकींपासून फाकत असतील तर रीमॅपच्या (ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलण्याच्या) आधी वेस्टगेट हाताळावा लागेल.

‘बॉक्स लावा, बूस्ट वाढवा, झालं’

सगळ्यात जास्त इंजिनं इथे मरतात. स्वस्त बॉक्स बूस्ट सेन्सरचा सिग्नल कमी करून ईसीयूला सांगतो. दाब कमी आहे असं समजून ईसीयू तो वाढवतो. पण इग्निशन टायमिंगही, म्हणजे स्पार्कची वेळही, त्याच खोट्या लोडवरून ठरतं, म्हणजे जास्त दाबाला गरजेपेक्षा ॲडव्हान्स (लवकरचा) स्पार्क मिळतो. शिवाय जास्त बूस्ट झाल्यावर गाडी थांबवणारं संरक्षणही त्याच सेन्सरवर चालतं, तेही आंधळं होतं. नॉक सेन्सर थोडं सावरतो, पण तो सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी पेटून ठोका (नॉकिंग) पडल्यानंतर जागा होतो.

त्यात उष्णता. बाहेर ३० अंश सेल्सिअस असताना १ बार बूस्ट, म्हणजे प्रेशर रेशो (टर्बोनंतरच्या आणि आधीच्या दाबाचं गुणोत्तर) २, आणि टर्बोच्या कॉम्प्रेसरची (हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा साधारण १२५ अंशांची असते. छोट्या टर्बोवर तोच बूस्ट १.४ बार केला की टर्बो आपल्या सोयीच्या पट्ट्याबाहेर जातो. कार्यक्षमता ६० टक्क्यांवर आली तर हवा सुमारे १७५ अंशांवर पोहोचते. गेजवर दाब वाढलेला दिसतो, पण त्यातला बराचसा भाग नुसती उष्णता असते. इंटरकूलरनंतर हवा ३० ऐवजी ६० अंशांची राहिली तर त्याच दाबाला तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते, आणि नॉकिंग टाळायला ईसीयू टायमिंग मागे घेतो तो तोटा वेगळाच.

म्हणून आमच्या मते बहुतेक गाड्यांत ‘नंतर बघू’मधला इंटरकूलर आधी यायला हवा. तपासणी सोपी आहे. बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर एकामागोमाग तीन वेळा फुल थ्रॉटलने वेग घ्या आणि इनटेक टेंपरेचर लॉग करा. तिसऱ्या वेळी तापमान बाहेरच्यापेक्षा ३०-४० अंशांनी वर असेल आणि प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग मागे जात असेल, तर तुमची मर्यादा इंटरकूलर आहे. मोठा घेताना मात्र रेडिएटरला हवा मिळेल याची खात्री करा.

‘गाडी नीट चालतेय, म्हणजे बूस्ट झेपेल’

नीट चालणारी गाडीही बूस्ट गळवत असते. टर्बोच्या तोंडाची नळी काढा, तिथे टायरचा व्हॉल्व्ह बसवलेलं बूच लावून क्लॅम्प आवळा आणि हवा भरायच्या कॉम्प्रेसरच्या रेग्युलेटरने ०.३ बारपासून हळूहळू नेहमीच्या बूस्टपर्यंत दाब द्या. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. क्लॅम्पखाली तेलाची चिकट ओल दिसली तर गळती बहुधा तिथेच आहे. ऑइल फिलरमधून जोरात हवा आली तर पीसीव्हीचा (क्रँककेसमधले वायू इनटेकमध्ये परत नेणाऱ्या नळीचा) एकदिशा व्हॉल्व्ह तपासा. गळती असताना तोच बूस्ट गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं आणि हवा आणखी तापते. सोबत कॉम्प्रेशन टेस्टही (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याची चाचणी) करून घ्या. सिलिंडरांत १० टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर अपग्रेडचा विषय तिथेच थांबवा.

प्लगचंही तसंच. दाब वाढला की स्पार्कला उडी मारणं जड जातं आणि भर जोरात मिसफायर येतो. प्लगच्या टोकांमधला ०.८-०.९ मिमीचा गॅप ०.६-०.७ मिमीवर आणा आणि ताकद बरीच वाढवली असेल तर एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग घ्या.

‘मोठा टर्बो म्हणजे मोठी ताकद’

हवा वाढली तर पेट्रोलही वाढलं पाहिजे, आणि हे वहीवर मांडून बघता येतं. टर्बो पेट्रोल इंजिन ताशी दर अश्वशक्तीला साधारण २७० ग्रॅम इंधन घेतं. ३०० अश्वशक्तीला ताशी ८१ किलो. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी मिनिटाला सुमारे ४५० सीसी. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणजे ५३०-५४० सीसीचा इंजेक्टर हवा. हे पोर्ट इंजेक्शनचं (पेट्रोल इनटेकच्या नळीत फवारणाऱ्या गाड्यांचं). डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, गाडीत रेल प्रेशर (इंजेक्टरांना मिळणारा पेट्रोलचा दाब) बघा. वरच्या आरपीएमला प्रत्यक्ष दाब मागणीच्या खाली घसरत असेल तर हाय-प्रेशर पंप आधी बदलावा लागेल, टर्बो नंतर.

उलट टोकाला, छोट्या टर्बोवर २००० आरपीएमलाच भरमसाट टॉर्क मागितला तर कनेक्टिंग रॉड वाकतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तिथेच एलएसपीआयचा, म्हणजे स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा, धोका असतो. चांगला ट्यूनर खालचा टॉर्क मुद्दाम दाबून ठेवतो. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला पाय पूर्ण दाबू नका आणि एपीआय एसपी दर्जाचं ऑइल वापरा. क्लच पाहायचा तर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ३००० च्या आसपास जोर द्या. आरपीएम वर पळालं आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय.

‘ब्रेक आणि टायर शेवटी’

थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १०० ऐवजी १२० किमीवरून थांबायचं तर ब्रेकला ४४ टक्के जास्त उष्णता झेलावी लागते. मोठ्या डिस्क लगेच लागत नाहीत. चांगले पॅड, चांगले टायर आणि ताजं फ्लुइड आधी हवं. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर हीच किमान मर्यादा १५५ वर येते. मग ब्रेकचं पेडल ऐन वेळी खाली बसतं. दोन वर्षांत फ्लुइड बदललं नसेल तर रीमॅपची तारीख घेण्याआधी ते बदला.