ढाळ दाराकडे आणि मी चढाकडे

रोज अंघोळ झाली की मी वायपर घेऊन पाणी चढावर ढकलत बसते. होय, चढावर! कारण आमच्या नव्याकोऱ्या बाथरूमचा ढाळ जाळीकडे नाहीच, तो दाराकडे आहे. फरशी आरशासारखी चकाकतेय, बघणारे वा वा करतात, आणि पाणी निघतं थेट पायपुसण्याच्या भेटीला.

मिस्त्रींना बोलावून दाखवलं. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "ताई, थोडं राहणारच." थोडं राहणारच? अहो, मीटरमागे एक सेंटिमीटर उतार, एवढंच तर हवं होतं. दोन मीटरला दोन सेंटिमीटर! फरशी बसवायच्या आधी दोरी धरली असती, पातळी बघायची पाणसळ ठेवली असती, तेही नको तर फरशीखालच्या सिमेंटच्या कोब्यावर बादलीभर पाणी ओतून ते कुठे पळतं एवढं बघितलं असतं तरी दहा मिनिटांत उलगडा झाला असता. आता दुरुस्ती म्हणजे फरशी उखडा, उखडताना खालचं वॉटरप्रूफिंग फाटणार, ते परत करा, मग परत फरशी. म्हणजे तोच धुरळा, तोच घणघणाट, पहिल्यापासून.

आणि त्या वॉटरप्रूफिंगबद्दल तर बोलूच नका. थर वाळला की जाळीखालचं पाणी जायचं तोंड बुजवायचं, पाणी तुंबवायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची आणि निदान 24 तास, खरं तर 48 तास हात लावायचा नाही. खालच्या छताला ओल येते का बघायचं. आमच्याकडे संध्याकाळी पाणी भरलं आणि सकाळी फरशीवाले दारात उभे, म्हणून सोडून दिलं. "गळायचं असतं तर रात्रीच गळलं असतं." असं कुठे असतं का? ओल काय वेळापत्रक बघून येते? तेव्हापासून खालच्या काकू जिन्यात दिसल्या की मी आधी त्यांचा चेहरा वाचते.

चीड कशाची येते सांगू? जे झाकलं जाणार, त्याची प्रत्येकाला घाई. जे दिसणार, त्यावर चर्चासत्रं. कपाटांच्या मुठी निवडायला आम्ही नवरा-बायकोने तीन आठवडे घातले. भिंतीत गाडलेल्या नळाच्या पाइपांची प्लास्टरआधी प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून गळतीची तपासणी, झाली का, हे विचारायला तीन मिनिटं नव्हती. यात मिस्त्रींइतकीच माझीही अक्कल गहाण पडली होती, कबूल. वायरमनने भिंतीत झिऱ्या, म्हणजे खाचा, मारल्या, वायरींचे पाइप टाकले, वरून प्लास्टर फिरलं. मोबाइल माझ्या हातातच होता! भिंतीला टेप लावून चार फोटो काढले असते तर आज आरसा टांगायला ड्रिल धरताना हात थरथरला नसता.

रंगाचं तेच. नवं प्लास्टर सात दिवस तरी पाणी मारून ओलं ठेवावं लागतं, आणि मग रंगाआधी नीट वाळायला साधारण महिना द्यावा लागतो. आमचे रंगारी पंधराव्या दिवशी हजर. का? तर पुढचं काम घेतलंय म्हणून! आता बेडरूमच्या भिंतीला भाजल्यासारखे फोड आलेत आणि त्यावर निदान काय, तर "हवेत दमटपणा आहे ताई."

सुताराने दारं आधी बसवली, फरशी नंतर आली, फरशी वर आल्यावर दारं खालून तासली. तासलेल्या कडेला रंगाचा हात मारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. बाथरूमचं दार आता खालून रोज पाणी पितंय. टाइल्स मोजून मापून आणल्या, दहा टक्के जास्तीच्या घ्यायला माझाच नकार होता, काटकसर ना! सहा कमी पडल्या. पुढच्या बॅचचा शेड वेगळा निघाला. त्या सहाही नेमक्या दारासमोर बसल्या आहेत.

पण सगळ्यात मोठा गाढवपणा वेगळाच. काय करायचं, काय नाही, काहीच लिहून घेतलं नाही. सगळं तोंडी. मग प्रत्येक गोष्टीला "ते यात धरलं नव्हतं." आणि शेवटचा हप्ता? तो मी कामं तपासायच्या आधीच देऊन मोकळी. "माणसं गावाला निघालीयत, आजच लागतील" मिस्त्री म्हणाले, आणि मी विरघळले. त्या दिवसापासून त्यांचा फोन वाजतो, उचलला जात नाही.

काल नवऱ्याच्या नंबरवरून लावला तर पहिल्या रिंगला उचलला. ढाळ बघायला परवा येतो म्हणाले. कुठल्या परवा, ते विचारायच्या आत कट झाला.