‘पूल म्हणजे जमिनीतली मोठी टाकी’ हे साफ चूक आहे

घरी स्विमिंग पूल बांधायचा विचार करणाऱ्या बहुतेकांकडे तो मेसेज एव्हाना पोचला असेल. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पूल म्हणजे जमिनीतली मोठी पाण्याची टाकी, खड्डा खणा, काँक्रीट ओता, टाइल्स लावा, संपलं. टाकी बांधणारा मिस्त्री पूलही बांधतो, इंजिनिअर आणि माती परीक्षण म्हणजे नुसता वाढीव खर्च. वर्षातून एकदा पूर्ण रिकामा करून घासायचा. जागा नसेल तर गच्चीवर बांधा. पंप जेवढा मोठा तेवढा चांगला. क्लोरीनचा वास आला म्हणजे पाणी शुद्ध, आणि मुलांना पोहता येत असेल तर कुंपण कशाला. हे सगळं लोक घरच्या ग्रुपवर विश्वासाने पुढे पाठवतायत आणि त्यातल्या काही गोष्टी थेट जिवावर बेतणाऱ्या आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिला मुद्दा टाकीचा. टाकी जमिनीवर किंवा उंचावर असते तेव्हा भिंतींवर जोर एकाच बाजूने, आतून बाहेर. जमिनीतल्या पूलचं तसं नसतं, भरलेला असताना पाणी आतून ढकलतं आणि रिकामा असताना बाहेरची माती आत ढकलते, म्हणजे तीच भिंत दोन्ही दिशांनी वाकायला बघते आणि म्हणून बऱ्याचदा भिंतीच्या दोन्ही अंगांना सळईची जाळी लागते. एकाच जाळीत भागवलं तर पहिल्यांदा भरल्यावर काहीच दिसत नाही, तडे नंतर येतात. त्यात माती फुगणारी-आकसणारी चिकणमाती असेल किंवा अर्धा पूल खडकावर आणि अर्धा भरावावर बसत असेल तर एक बाजू खचते, आणि हे खणायच्या आधी सांगणारी एकच गोष्ट म्हणजे माती परीक्षण. त्याला वाढीव खर्च म्हणणं मला तरी पटत नाही. शिवाय काँक्रीट दोन दिवस तुकड्या-तुकड्यात ओतलं तर जुन्या-नव्या काँक्रीटच्या सांध्यातून गळती सुरू होते, तिथे वॉटरस्टॉपची पट्टी आधीच बसवावी लागते, आणि भिंतीत-जमिनीत जाणारे पाइप काँक्रीटच्या आधी प्रेशर टेस्ट करून घ्यावे लागतात कारण नंतर ते गळले तर टाइल्स फोडण्याशिवाय इलाज नाही. मिस्त्री उत्तम असेलही, पण हे ड्रॉइंगमध्ये नसेल तर त्याने कुठून करायचं?

आता सगळ्यात घातक सल्ला, ‘वर्षातून एकदा पूर्ण रिकामा करा’. यावर जरा थांबून बघा. समजा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, दीड मीटर खोल आहे. त्यात ४८ घनमीटर पाणी, म्हणजे ४८,००० लिटर, वजन ४८ टन. तळ आणि भिंती २० सेंटिमीटर जाडीच्या धरल्या तर काँक्रीटचं वजन साधारण ३६ टन होतं. जोराच्या पावसानंतर जमिनीतलं पाणी वर चढून तळाच्या खालच्या अंगापासून सव्वा मीटरवर आलं तर ते पाणी खालून जवळजवळ ४६ टनांनी वर उचलतं. पूल भरलेला असताना आतलं ४८ टन पाणी त्याला दाबून धरतं म्हणून काही होत नाही. तुम्ही पाणी उपसलं की ३६ टनांचं काँक्रीट आणि खालून ४६ टनांचा जोर, मग पूल होडीसारखा वर येतो. आजूबाजूच्या मातीचं घर्षण थोडं धरून ठेवतं पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही. हे खरंच होतं, अख्खे पूल एका बाजूने उचलले जातात, पाइप तुटतात, कडेची फरशी उखडते आणि बहुतेक वेळा तो पूल मग दुरुस्त होण्यापलीकडे जातो. फायबरग्लासचा तयार पूल तर वजनाला हलका, तो आणखी लवकर उचलला जातो किंवा त्याच्या भिंती आत फुगतात. विनाइल लायनरचा, म्हणजे आतून प्लास्टिकचं अस्तर लावलेला असेल तर रिकामा ठेवल्यावर लायनर आकसतो आणि परत नीट बसत नाही.

म्हणूनच तळाखाली खडीचा थर, पाणी कुठवर चढलंय ते बघायला बाजूला एक उभा पाइप आणि तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह ठेवतात, बाहेरचा दाब वाढला की तो व्हॉल्व्ह उघडून जमिनीतलं पाणी आत घेतो आणि पूल वाचतो. हा व्हॉल्व्ह नंतर बसवायचा म्हणजे तळ फोडणं आलं. आणि मुळात दरवर्षी रिकामा करायचं कारणच नसतं. फिल्टर आणि पाण्याचं रसायन ठीक असेल तर तेच पाणी वर्षानुवर्षं चालतं, विरघळलेले क्षार फार वाढले तर थोडं काढून थोडं नवीन भरायचं. खरंच पूर्ण रिकामा करायची वेळ आली तर कोरडा हंगाम बघून, त्या उभ्या पाइपात पाणी नाही याची खात्री करून, जाणकार माणूस उभा करूनच करा.

गच्चीचं उत्तर छोटं आहे. सव्वा मीटरही नाही, १.२ मीटर पाणी धरलं तरी दर चौरस मीटरवर १,२०० किलो, पूलचं स्वतःचं वजन वेगळं. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास वापराचं वजन धरून केलेला असतो. सहापट! बिल्डिंग डिझाइन करतानाच त्या जागी पूल धरला असेल तर प्रश्न नाही, पण तयार घराच्या गच्चीवर ‘छोटासाच तर करायचाय’ म्हणून करू नका, खाली माणसं झोपतात.

मोठ्या पंपाचं पण तसंच उलटं आहे. घरगुती पूलचं सगळं पाणी साधारण ६ ते ८ तासांत एकदा फिल्टरमधून जावं असं धरतात, म्हणजे वरच्या उदाहरणात ८ तासांच्या हिशोबाने तासाला ६,००० लिटर, आणि पंप या हिशोबाला फिल्टर आणि पाइप जोडून निवडायचा असतो. सँड फिल्टरमधून पाणी फार जोरात गेलं तर बारीक घाण वाळूत अडकायच्या ऐवजी वाळूतून निसटून परत पूलमध्ये येते, मग पंप चालू असूनही पाणी गढूळ दिसतं. वेग कमी-जास्त करता येणारा पंप असेल तर हळू आणि जास्त वेळ चालवा, वेग निम्मा केला तर लागणारी वीज साधारण आठवा हिस्सा होते, त्यामुळे दुप्पट वेळ चालवूनही फायदाच.

आता वासाचं. ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो तो बहुतेक वेळा क्लोरामाइनचा असतो, घाम आणि लघवीतल्या घटकांशी क्लोरीनचा संयोग होऊन ते तयार होतं, आणि डोळे चुरचुरतात ते पण बरंचसं त्याच्यामुळेच. म्हणजे उग्र वास येत असेल तर पाणी शुद्ध नाही, उलट कामाचं क्लोरीन संपत आलंय. नाकावर जाऊ नका, टेस्ट किट घ्या. मोकळं क्लोरीन, म्हणजे अजून कशाशी संयोग न झालेलं, १ ते ३ पीपीएम (लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम) आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा. पीएचकडे लोक बघतच नाहीत पण ७.५ ला क्लोरीनचा साधारण अर्धा भाग जंतू मारायला तयार असतो आणि ८ च्या आसपास गेलं की जेमतेम पाव, मग किती का ओतेना. आणि त्या मेसेजखाली कुणीतरी जोडलंय की सॉल्ट पूल घ्या, त्यात क्लोरीनच नसतं. असतं! लिटरला ३-४ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात वीज सोडून मशीन तेच क्लोरीन जागेवर बनवतं. सोय आहे, चांगली आहे, पण तपासणी सुटत नाही, उलट यात पीएच हळूहळू वर सरकत राहतो. एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवा, पीएच उतरवायला वापरतात ते ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका आणि शेजारी-शेजारी ठेवू पण नका, त्यातून विषारी वायू निघतो.

राहिला कुंपणाचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. मूल बुडतं तेव्हा आरडाओरडा होत नाही, हात हलवत नाही, तोंड पाण्याखाली गेलेलं असताना ओरडणार कसं, एक-दोन मिनिटांत आवाज न करता सगळं होऊन जातं आणि घरात माणसं असतात. पोहायला येणारं मूलही घसरून डोकं आपटून पडू शकतं, आणि पाहुण्यांच्या लहान मुलाला तर पोहता येतही नाही. म्हणून कुंपण प्लॉटला नाही, पूलला हवं, चारही बाजूंनी, घराचं दारही त्याच्या बाहेर राहील असं. तीन बाजूंना कुंपण आणि चौथ्या बाजूला घर अशी रचना बऱ्याच ठिकाणी असते, तिच्याशी तुलना करता चारही बाजूंच्या कुंपणाने लहान मुलांच्या बुडण्याचा धोका ८३ टक्क्यांनी कमी होतो असं अभ्यासात दिसलंय. उंची किमान ४ फूट, चढायला आडव्या पट्ट्या नकोत, फाटक आपोआप बंद होऊन आपोआप खिटी पडणारं, आणि खिटी लहान मुलाचा हात पोचणार नाही इतकी वर. हे नंतर बघू म्हणून ठेवायचं नाही, पाणी भरायच्या आधी झालं पाहिजे.

आणि याच्या बरोबरीने तळाचा ड्रेन, ज्याबद्दल त्या मेसेजमध्ये एक शब्द नाही. एकच ड्रेन थेट पंपाला जोडलेला असेल आणि त्यावर अंग किंवा केस अडकले तर ओढ इतकी असते की मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या (गरम पाण्याच्या छोट्या कुंडाच्या) ड्रेनला अडकून बुडून मेली, तिच्या आईला तिला ओढून काढता आलं नाही. तिच्याच नावाने २००७ मध्ये तिथे ड्रेनच्या झाकणांचा कायदा झाला. म्हणून एका पंपाला दोन ड्रेन, एकमेकांपासून किमान ३ फूट लांब, दोन्हींवर बाहेरच्या बाजूला फुगीर सेफ्टी झाकण, आणि पंपाचं बटण पूलच्या जवळ, घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेलं. झाकण सैल झालंय किंवा तडकलंय असं दिसलं तर नवीन बसेपर्यंत पंप बंद आणि पाण्यात कुणीही नाही.